दादा-वहिनीची खोली

पार्टिशन घालताना पहिलं रक्त दादाचंच निघालं. प्लायची मोठी फळी भिंतीला टेकवताना घसरली आणि तिच्या कडेने त्याचा तळहात चांगलाच फाडला. वहिनीने पदराचं टोक दाताने फाडून त्याच्या हाताला करकचून बांधलं. दादा हसत म्हणाला, "चला, खोलीचा मुहूर्त झाला." वहिनीही हसली. त्या दिवशी आम्ही सगळेच खूश होतो.

आमचं घर शेलार गावात. पुढे ओटी, मध्ये एक लांबच लांब खोली, मागे स्वयंपाकाची जागा आणि मोरी. एका अंगाला कापड विणायच्या लूमचा कारखाना, अगदी भिंतीला भिंत लागून. दिवसरात्र खडखडखडखड चालायचं. बाहेरचा माणूस आला की त्याला बोलणं ऐकू यायचं नाही, आम्हाला मात्र त्या आवाजातच एकमेकांचं कळायचं. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी घरात चमचा पडला तरी दचकायला व्हायचं. दुसऱ्या अंगाला उत्तरेकडून आलेल्या एका विणकराचं बिऱ्हाड. त्याची बायको आईला मौसी म्हणायची.

बाबांचं सगळं आयुष्य लूमवर गेलं आणि त्यात त्यांचे कान गेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. लूम सुटल्यावर ते घरातच असायचे. दादा काही दिवस लूमवर होता, पण मालकाने जुने लूम भंगारात काढले, तेव्हा तो पूर्णा गावच्या गोडाऊनला लागला. रात्रपाळी. सकाळी घरी यायचा आणि दिवसा झोपायचा. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा. त्याच्या खाटेपासून चार पावलांवर आमचा स्वयंपाक, भांडी, आईचा टीव्ही.

वहिनी अंजूरची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती साडी बदलायला मोरीत जायची. ओल्या फरशीवर एका हाताने निऱ्या वर धरून, अंधारात. दुपारी पाठ टेकायची झाली तर सासऱ्यांसमोर कशी टेकणार, म्हणून भिंतीशी बसल्या बसल्या डुलक्या काढायची. एकदा कपडे धुताना ती मला म्हणाली, "ताई, मला एक दार पायजे. बाकी या घरान मना काय कमी न्हाय."

त्याच सुमारास दादाने तिला पहिल्यांदा मारलं. कुकरची शिट्टी झाली आणि तो झोपेतून उठून सरळ तिच्याकडे गेला. थोबाडीत इतकी जोरात बसली की ती ओट्यावर आदळली. पण दुसरा हात उठायच्या आत आई मध्ये होती. हातात डाळीची पळी होती, ती तिने तशीच त्याच्या छातीला लावली. गरम डाळ त्याच्या बनियनवर ओघळली. बाबा ओटीवरून ओरडत आत आले. मी दारात उभी. शेजारीण डोकावली. इतक्या माणसांसमोर दादाचं तोंड उतरलं. तो बाहेर निघून गेला आणि संध्याकाळी परत आल्यावर आईला म्हणाला, "माझी झोपच होत न्हाय. डोका फिरतो माझा."

आईने त्यावरच उपाय काढला. "दोघांना एक खोली करून देऊ. झोपेल तरी."

त्याला झोप हवी होती, तिला दार हवं होतं. मग गोडाऊनमध्ये मोठ्या मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्यांचा प्लाय दादाने मागून आणला. खोली उभी कापून टाकली. खिडकी त्यांच्या बाजूला गेली, टीव्ही आमच्या बाजूला राहिला. दाराला आतून कडी. वहिनीने आत दोरी बांधली, आरसा लावला, माहेरून आणलेली पेटी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. पहिल्या दुपारी ती आत जाऊन कडी लावून झोपली. उठून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीचे वळ होते आणि चेहरा इतका निवांत होता की आई माझ्याकडे बघून हसली.

काही महिने बरे गेले. प्लायमधून त्यांचं हसणं ऐकू यायचं. आई मग उगाच भांडी जोरात आपटायची, म्हणजे आम्हाला ऐकू येत नाही असं त्यांना वाटावं.

मग दादा ड्युटी सुटल्यावर सकाळीच पिऊन यायला लागला. रात्रपाळीची पोरं एकत्र बसायची. सकाळी कोण पितं, असं आम्हाला वाटायचं, पण त्यांची ती संध्याकाळच होती.

एकदा आई आणि मी वाल सोलत बसलो होतो. पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं, पोतं टाकल्यासारखं. प्लायवर टांगलेलं कॅलेंडर उडालं आणि वाकडं झालं. आई उठली, दारावर थाप मारली. "काय झाला रे?"

"काय न्हाय," दादा आतून म्हणाला. "पातेला पडला."

"पोरी?" आईने विचारलं.

मग वहिनीचा आवाज आला. "काय न्हाय, आई."

आत पातेलं नव्हतंच. सगळी भांडी आमच्या बाजूला होती. आई तरी परत येऊन बसली आणि वाल सोलायला लागली. तिची बोटं नुसतीच फिरत होती, सालं टोपात आणि दाणे केरात पडत होते.

त्यानंतर ते होतच राहिलं. लूमच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत, फक्त ठोके कळायचे. प्लाय पातळ, त्यामुळे ती भिंत कमी आणि ढोलकी जास्त. कधी पट्ट्याचा आवाज, कधी डोकं आपटल्याचा. आई दार वाजवायची, तेवढ्यापुरतं थांबायचं. आई मागे फिरली की पुन्हा सुरू. वहिनी बाहेर यायची ती पदर कानांवरून घेऊनच. तिच्या दंडावर पट्ट्याच्या बक्कलचा चौकोनी ठसा मी पाहिला, मध्ये खिटीची रेघसुद्धा उमटलेली. एका सकाळी आई त्यांची खोली झाडत होती. केरात केसांचा पुंजका आला, मुळांसकट, टोकांना पांढरं लागलेलं. आईने तो उचलला, हातात धरून बराच वेळ बघत राहिली.

ती दादाला बोलली. मी तिथेच होते. तो जेवत होता.

"तुज्या बायकोचा केस आलाय हातान माज्या," आई म्हणाली. "काय करतोस तू आत?"

दादाने मान वर केली नाही. "खोली कनाला केली? आमचा आमच्याजवळ राहावा म्हणून ना? मग दार वाजवायचा न्हाय."

"मी आई हाय तुझी."

"प्लायच्या ह्या बाजूला," दादा म्हणाला, आणि भाताचा घास घेतला.

शेजारणीची चूल त्यांच्या खिडकीसमोर होती. तिने आईला मोरीच्या दाराशी गाठलं. "मौसी, आपकी बहू मुँह में कपड़ा दबाके रोती है. मैं रोटी बनाते सुनती हूँ. किसी दिन मर जाएगी." आई घरात येऊन मला म्हणाली, "सगला उघड्यावर होता तवा मी मधी तरी पडायची. आता कडी लागते." मी वहिनीला म्हटलं, माहेरी जा. ती म्हणाली, "भावाच्या घरान मी मोरीच्या दाराशी झोपेन, ताई. हितं निदान दिवसातला थोडा वेळ तरी खोली माझी असते. हे ड्युटीला गेल्यावर."

बाबांना यातलं काही माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ते दिवसभर खाली चटईवर प्लायला पाठ लावून बसायचे. त्यांची ती जागा ठरलेली. एका दुपारी पलीकडे सुरू झालं. मी आणि आई एकमेकींकडे बघत होतो. बाबा बिडी ओढत बसले होते. प्लाय हलला, बाबांची पाठ हलली. परत हलला. बाबांनी बिडी विझवली, वळून प्लायवर हाताचा पंजा ठेवला आणि तसेच राहिले. डॉक्टर छातीवर हात ठेवतात तसे. प्रत्येक ठोक्याला त्यांच्या बोटांची टोकं थरथरत होती.

मग ते त्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "सुनेला मारतोय तो. किती दिवस झाले, माझ्या पाठीला लागतंय."

पलीकडचा आवाज थांबला.

आई त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या वर्षांत तिला मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. "तुम्ही मना मारत होते तवा तुमचे कान चांगले होते," ती म्हणाली. "तवा तुम्हांना काय ऐकू आला न्हाय. आज पाठीनं ऐकताव."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते सगळं ऐकू गेलं होतं, चेहऱ्यावरून कळलं. लहानपणी मी पाहिलेलं मला आठवत होतं. आईचा ओठ, तुटलेल्या बांगड्या.  त्या दिवसापासून बाबा प्लायला टेकून बसेनासे झाले. प्लायकडे तोंड करून बसायला लागले.

पुढचं झालं तो शुक्रवार होता. मी कापडाच्या घड्या घालायच्या कामाला जायचे, शुक्रवारी लूमबरोबर आमचंही काम बंद. दादा सकाळी येऊन झोपला होता. वहिनीच्या भावाचा साखरपुडा होता आणि ती अंजूरला जायची होती. आईने तिला आदल्या दिवशीच हो म्हटलेलं. ती साडी बदलायला आत गेली आणि कडीचा आवाज आला. कडी तिने लावली नव्हती, ते त्या आवाजावरूनच कळलं.

लूम बंद होते. त्या दिवशी मला शब्दसुद्धा ऐकू आले.

"कोनाला विचारला?"

"आईंनी हो सांगितला."

"मी कोन?"

"चार वाजता परत येते मी. रिक्षा हाय दारापर्यंत."

"जाऊन दाखव."

मग पहिला ठोका. त्याच्या आधी तिचा श्वास आत ओढल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. तो तिचं डोकं प्लायवर आपटत होता. आमच्या बाजूने प्लाय फुगत होता आणि परत सपाट होत होता, पाण्यावर तरंगणारी फळी हलावी तसा. आई दारावर दोन्ही मुठींनी मारत होती, "सोड, सोड तिला." पलीकडून शेजारणीचा आवाज येत होता, "ए, दरवाज़ा खोल. खोल दरवाज़ा."

बाबा उठले. मला म्हणाले, "पहार आण."

पहार ओटीवर होती. मी आणली. बाबांनी ती दोन फळ्यांच्या सांध्यात घातली आणि जोर लावला. पण त्यांच्या हातात आता जोर राहिला नव्हता. मी त्यांच्या हातातून घेतली आणि अंगाचा सगळा भार टाकला. खिळे कुरकुरत निघाले. फट पडली. त्या फटीतून मला दिसलं ते असं: वहिनी गुडघ्यांवर होती, तिची वेणी दादाच्या मनगटाला गुंडाळलेली होती, दोरखंड गुंडाळतात तशी, आणि नवी साडी अर्धवट नेसलेली. तिच्या एका डोळ्यात रक्त उतरत होतं.

दादाला पहार दिसली. त्याने वेणी न सोडता प्लायवर लाथ घातली. पहार उलटी उसळून माझ्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून आला. तोंड गरम झालं. मी थुंकले, परत पहार घातली आणि ओढली. आईने फळीची कड दोन्ही हातांनी धरली. फळी निघाली, आणि तिच्याबरोबर वरची पट्टी आणि कॅलेंडर सगळंच खाली आलं.

पहिले आत गेले बाबा. त्यांनी दादाचं मनगट धरलं. दादाने त्यांना नुसतं झटकलं, माशी झटकावी तसं, पण बाबा मागे गेले आणि त्यांचं कपाळ पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. ते खाली पडले आणि हललेच नाहीत.

दादाचा हात सुटला. तो बाबांकडे बघत राहिला. तेवढ्यात वहिनीने खाली पडलेली पट्टी उचलली. जाड लाकडी पट्टी, खिळे अजून तिच्यातच होते. तिने ती त्याच्या गुडघ्यावर मारली. तो वाकला. मग पाठीवर. मग हातावर, ज्या हाताला वेणी गुंडाळलेली होती त्याच हातावर. तो खाली पडला, तरी ती मारतच होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. भाताची झोडणी करताना बाया जशा एका लयीत मारतात तशी मारत होती. दादा "आई, आई" म्हणत होता. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. वाटलंही. थोडा वेळ.

आईने मध्ये हात घातला. खिळा तिच्या पंजात घुसला. "बास," ती म्हणाली. "मरेल तो."

"मरू दे," वहिनी म्हणाली. अगदी हळू, जणू चहा घ्या म्हणत असावी.

"मरेल तर तू आत जाशील, पोरी. त्याच्यासाठी जाऊ नको."

वहिनीने पट्टी सोडली. ती आईच्या हातालाच लटकत राहिली. मग शेजारणीचा नवरा आणि दोन-चार माणसं आत आली, त्यांनी दादाला धरलं. धरण्याची काही गरजच नव्हती. तो पडलेल्या प्लायमध्ये बसला होता, पाय पुढे पसरून. "माझी खोली तोडली," तो म्हणत होता. "माझी खोली तोडली यांनी."

बाबा शुद्धीवर आले ते रिक्षात. दवाखान्यात आम्हाला चौघांना एका रांगेत बसवलं. बाबांच्या कपाळाला टाके, वहिनीच्या भुवईला टाके, आईच्या हाताला धनुर्वाताचं इंजेक्शन, माझ्या तोंडात कापूस. नर्सने विचारलं, "ॲक्सिडेंट झाला का?" आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांना प्रश्न ऐकू आला नसावा, पण तेच बोलले. "माझ्या पोरानं मारलं," त्यांनी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. "लिहून घ्या."

पोलिसांत लिहिलं गेलं. दादा आत गेला, काही दिवसांनी सुटला. घरी आला नाही. पूर्ण्यालाच गोडाऊनच्या पोरांबरोबर खोली घेऊन राहिला. त्याचा गुडघा नीट बसला नाही, अजून थोडा लंगडतो.

वहिनी अंजूरला गेली. तिथे ती म्हणाली होती तसंच झालं. भावाचं लग्न झालं, नवी भावजय आली, आणि ही स्वयंपाकघरात झोपायला लागली. बाबा तिला आणायला गेले, मी सोबत. त्यांनी तिला सांगितलं, "तो त्या घरान पाय ठेवणार न्हाय. मी हाय तंवर." वहिनी मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला परत खोली पायजे. पण ईटांची. आणि गल्लीकडून दार पायजे. घरातून आत यायला दार नको."

मला ते चमत्कारिक वाटलं. इतकं झाल्यावर तीच खोली, तीच जागा. परत येताना रिक्षात मी तिला विचारलंच, भीती नाही का वाटणार कोंडून घ्यायला.

"त्यांनी कोंडला मना," ती म्हणाली. "मी कोंडून घेतला नव्हता. दोन गोष्टी वेगल्या हायत."

प्लाय आम्ही जाळला. चुलीत बरेच दिवस पुरला, त्याला चिकट घाण वास यायचा आणि आईला खोकला व्हायचा. गवंडी लावून विटांची भिंत घातली. बाबा दिवसभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि भिंत ओळंब्यात आहे का बघायचे. वहिनी आता माझ्याच कारखान्यात घड्या घालते. सकाळी ती गल्लीच्या दाराला कुलूप लावते आणि आमच्या ओटीवर येऊन मला हाक मारते. साड्या तिला मोरीत बदलाव्या लागत नाहीत. दुपारची झोप मात्र गेली, कामामुळे.

दादा सणासुदीला येतो. ओटीवर बसतो, आत येत नाही. पहिल्या दिवाळीला त्याने गल्लीत जाऊन तिचं दार वाजवलं. आधी बोटांनी, मग तळहाताने, मग मुठीने. आत ती होती. मी ओटीवरून बघत होते आणि माझी जीभ आपोआप तुटलेल्या दाताच्या जागी गेली. शेजारीण बाहेर येऊन उभी राहिली, तिचा नवरा उभा राहिला, मग समोरचे. दादाने हात खाली घेतला आणि निघून गेला. परत त्याने ते केलेलं नाही, पण येताना त्याची नजर त्या दाराकडे जाते.

आईचं मात्र वेगळं आहे. ती त्याला अजून डबा पाठवते. पूर्ण्याला जाणाऱ्या कोणाच्यातरी हाती, पिशवीत झाकून. "पोटचा हाय," एवढंच म्हणते. त्यावरून मी तिच्याशी किती भांडले असेन. एकदा डबा हिसकावून मोरीत ओतलासुद्धा. तिने माझ्या थोबाडीत मारली, आणि मग आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून राहिलो, भात आणि कालवण पायांशी.

ज्या दिवशी डबा जातो, त्या दिवशी वहिनी आमच्याकडे जेवत नाही. तिच्या खोलीत तिने छोटी शेगडी घेतली आहे, तिथे आपल्यापुरतं करून खाते. भिंत विटांची असल्यामुळे आम्हाला काही ऐकू येत नाही. फक्त गल्लीतून फोडणीचा वास येतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते, आईच्या शेजारी पाट ओढून बसते, आणि आई तिच्या ताटात आधी वाढते.